'रन'चा एकशे पंचाण्णवावा अर्थ

"मिस्टर टिंडल, वरचा नळ पुन्हा वाहता ठेवलात तुम्ही," न्याहारीचं ताट पुढ्यात आपटत मिसेस क्लेग म्हणाल्या.

ऑब्री टिंडलनं उकडलेल्या अंड्याचं टोक चमच्यानं उडवलं आणि नुसतं म्हणाला, "एक्केचाळीस."

"काय एक्केचाळीस?"

"अर्थ. नळातून पाणी वाहणं. एक्केचाळीस अ."

"अर्थ राहू द्या हो, पाणी बंद करत जा. टाकी रिकामी झाली की कपबशा काय तुमच्या कोशानं विसळू?"

टिंडल अंडं खात राहिला. घरमालकिणीला उत्तर देणं म्हणजे आपली पायरी सोडणं, असं त्याचं चौदा वर्षांचं मत होतं. या चौदा वर्षांत त्याचे मोजे तिनं रफू केले होते आणि दोन हिवाळ्यांत त्याच्या छातीला मोहरीचा लेप लावला होता, ही गोष्ट वेगळी. त्याच्या हिशेबी मिसेस क्लेग म्हणजे एक्केचाळीस अ, शिवाय अठ्ठ्याहत्तर, कारण तिची लेक 'ताप चढणं' या अर्थानं तो शब्द फार वापरायची.

शब्द एकच. रन. इंग्रजांच्या घरात पोर चालायला लागण्याआधी हा शब्द शिकतं, आणि म्हातारा मरेपर्यंत दिवसातून पन्नास वेळा तोंडातून काढतो. माणूस धावतो तो रन, नदी वाहते तोही रन. दुकान चालवायचं, नाटकाचे प्रयोग लागोपाठ लावायचे, बँक बुडणार म्हटल्यावर दाराशी झुंबड उडवायची, धुण्यात तांबड्या मोज्याचा रंग पांढऱ्या सदऱ्याला लावून बसायचं, सगळीकडे तोच एवढासा चिमुरडा शब्द. क्रिकेटमधला रन तर त्या मानानं सगळ्यात गरीब. या एका शब्दाचे सगळे अर्थ वेगळे काढायचे, प्रत्येकाखाली त्याच्या जोडीचे शब्द मांडायचे, हे काम ऑल्डरबरी गावातल्या कोशाच्या कार्यालयानं टिंडलवर सोपवलं होतं. एकोणीसशे सत्तेचाळीस साली सोपवलं. आता छप्पन्न उजाडलं होतं. महायुद्धसुद्धा याहून लवकर आटोपलं होतं.

काम चालायचं चिठ्ठ्यांवर. देशभरात शे-दोनशे हौशी माणसं पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचत बसत. कुठं एखादा शब्द वेगळ्या वळणानं आलेला दिसला की ते अख्खं वाक्य तळहाताएवढ्या चिठ्ठीवर उतरवायचं, खाली पुस्तकाचं नाव, पान आणि साल लिहायचं आणि टपालात टाकायचं. मोबदला काही नाही. वर्षातून एकदा मार्चमध्ये कार्यालयात चहाला बोलावत, तेवढाच. रनच्या चिठ्ठ्यांनी अकरा खोकी भरली होती. टिंडल त्यांचे ढीग लावायचा. एक ढीग म्हणजे एक अर्थ. छापील वाक्य नसेल तर अर्थ नाही, हा नियम. आणि आलेली चिठ्ठी कधीही फाडायची नाही, मग तिच्यावर मुरंबा सांडलेला का असेना, हा दुसरा नियम. या दोन नियमांवर टिंडलची जेवढी श्रद्धा होती तेवढी रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकतानाही नसायची.

तिसरा नियम नवा होता आणि तो टिंडलला मुळीच मानवत नव्हता. कोशाचे मुख्य संपादक डॉक्टर हॅलम यांनी वर्षापूर्वी तो काढला. कामाधंद्याच्या शब्दाला छापील वाक्य मिळत नसेल, तर ज्यानं तो घरात ऐकला त्याची सही चालेल. चिठ्ठीवर स्वतःचं नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा आणि गाव लिहायचं, की झालं.

"म्हणजे आता कोशात खाटीक आणि न्हावी येऊन मांडी ठोकणार," टिंडल म्हणाला होता.

"त्यांचेच तर शब्द आहेत," समोरच्या टेबलावरून बॅगशॉ म्हणाला.

आर्थर बॅगशॉ. चौतीस वर्षं टिंडलच्या समोर बसलेला. गोल चेहऱ्याचा, सगळ्यांशी गोड बोलणारा, डब्यातलं माशाचं सँडविच चावताना आवाज करणारा माणूस. टिंडलला त्याचा जो संताप यायचा त्याचं कारण सँडविच नव्हतं. बॅगशॉनं 'सेट' हा शब्द केला होता. सेटचे अर्थ भरले एकशे चौऱ्याण्णव. अख्ख्या कोशात त्याच्या वर कोणी नाही. वाईट म्हणजे बॅगशॉ त्याची फुशारकी मारत नसे. कोणी विषय काढलाच तर म्हणायचा, "अहो, शब्दच तसा होता, मी काय केलं?" मिरवला असता तर टिंडलला निदान त्याला हलकट म्हणता आलं असतं. सोय नव्हती.

तर टिंडलच्या आयुष्यात आता एकच इच्छा उरली होती. जूनमध्ये तो निवृत्त होणार होता. त्याआधी, मार्चच्या अखेरीला रनचे कागद छापखान्यात जायचे होते. त्या कागदांवर शेवटचा आकडा एकशे पंचाण्णव पाहिजे. बायको नाही, मूल नाही, मित्र म्हणावा असा एक प्राणी नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीतून हा एक आकडा घेऊन घरी जायचं होतं. माणसानं आयुष्याची किंमत याहून स्वस्त क्वचितच लावली असेल. पण त्याची त्यानं लावली होती.

आणि आकडा अडला एकशे चौऱ्याण्णवावर. बरोबरीत.

टिंडलनं जंग जंग पछाडलं. जुने ढीग फोडून दोनाचे चार करून पाहिले. डॉक्टर हॅलमनी ते कागद परत पाठवले. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'नाक वाहणं आणि डोळा वाहणं हे दोन अर्थ नव्हेत, टिंडल. ती एकच सर्दी आहे.' बॅगशॉ हसला नाही. टिंडलच्या मते तो मनात हसला.

मग टिंडल चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांवर उखडला. बिनडोक लोक! निवृत्त मेजर शिकारीची पुस्तकं सोडून दुसरं काही वाचत नाहीत, पाद्री एकमेकांची प्रवचनं उतरवतात, आणि ती लोकरवाली!

लोकरवाली म्हणजे मिस विनिफ्रेड ओट्स. नेदर कोम्ब या खेड्यात त्यांचं लोकरीचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात त्या वाचायच्या आणि महिन्याला ऐंशी चिठ्ठ्या पाठवायच्या, बावीस वर्षं झाली. वाचायच्या काय? बियाणांच्या याद्या, विणकामाचे नमुने, चर्चचं मासिक, कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी काढलेलं दोन पेन्सच्या लायकीचं पुस्तक. टिंडल त्यांची चिठ्ठी दोन बोटांत धरून बॅगशॉला दाखवायचा, उंदीर शेपटीला धरून दाखवावा तशी. "बघा, आज कोंबड्यांच्या जाळीतल्या आवाराला रन म्हणतात असा शोध लागलाय." आणि मग गुपचूप ती चिठ्ठी ढिगात घालायचा, कारण अर्थ खरा असायचा. एकशे चौऱ्याण्णवातले तीसेक अर्थ एकट्या मिस ओट्सच्या चिठ्ठ्यांवर उभे होते. हे टिंडलला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यानंच तो त्यांना जास्त नावं ठेवायचा.

फेब्रुवारीत एके दिवशी थंडी अचानक मोडली. गोठलेली जमीन भुसभुशीत झाली, मिसेस क्लेगनी रजया कुंपणावर टाकल्या. कार्यालयाच्या वाटेवर एका परसात कोणी म्हातारा बाह्या सारून जमीन खणत होता. टिंडल त्याच्याकडे तुच्छतेनं बघून पुढं गेला आणि चार पावलांवर थबकला.

"ऑब्री, रन आलाय. फावडं काढ."

बापाचा आवाज. पन्नासएक वर्षांपूर्वीचा. दोन थंड्यांच्या मधे चार-पाच दिवस ऊब पडते, तेवढ्यात माळ्यानं माती उलटून घ्यायची असते. त्या दिवसांना बाप रन म्हणायचा. टिंडलनं हा अर्थ नंतर कुठं ऐकला नव्हता, वाचला तर नव्हताच. अकरा खोक्यांत तो नव्हता. जिवंत, स्वच्छ, कुठल्याही दुसऱ्या अर्थात न मिसळणारा अर्थ. एकशे पंचाण्णवावा!

आठवडाभर त्यानं बागकामाची सगळी जुनी पुस्तकं चाळली. कुठंही छापील वाक्य नाही. म्हणजे उरला तो नवा नियम: सही. नाव, ऑब्री टिंडल. बापाचं नाव, जोसाया टिंडल. गाव, लिटल मार्डन. आणि बापाचा धंदा.

इथंच सगळं घोडं अडलं. टिंडल छत्तीस वर्षं कार्यालयात सांगत आला होता की त्याचं बालपण पाद्र्याच्या बंगल्यावर गेलं. यात खोटं काही नव्हतं. बंगल्याच्या मागं, कुंड्या-अवजारांच्या खोपटाला लागून जी खोली होती, तिच्यात तो जन्मला होता. ऐकणारे त्याला पाद्र्याचा मुलगा समजले तर तो काय करणार? त्यानं कोणाला समजू नका म्हटलं नाही, एवढंच. पाद्रीबाबांनी त्याला लॅटिन शिकवलं, शिष्यवृत्ती मिळवून दिली. आणि बापानं चिखलाचे बूट दाराबाहेर काढून त्याचं लॅटिन ऐकलं. यातलं पहिलं टिंडल रंगवून सांगायचा. दुसरं त्यानं स्वतःलासुद्धा सांगणं सोडून दिलं होतं. आणि अशी चिठ्ठी दिली तर ती तपासायला जाणार कोणाकडे? बॅगशॉकडे. प्रत्येकाचं काम समोरच्यानं तपासायचं, अशीच पद्धत होती.

टिंडल तीन दिवस घुटमळला. चौथ्या दिवशी त्यानं जे केलं ते कोश करणाऱ्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाला सुचलंही नसतं. त्यानं ऑल्डरबरीच्या साप्ताहिकाला वाचकाचं पत्र लिहिलं. खाली सही केली: एबेल स्टब्ज, निवृत्त माळी, वय अठ्ठ्याहत्तर. 'आमच्या तरुणपणी या उबेच्या दिवसांना रन म्हणत. हल्लीच्या माळ्यांना रनही कळत नाही आणि जमीनही कळत नाही.' माळी म्हटल्यावर अडाणीच असणार, म्हणून त्यानं मुद्दाम चार शब्द चुकीचे लिहिले. संपादकानं ते दुरुस्त करून छापले.

आता गाव कुठलं घालायचं? नकाशावर शंभर खेडी होती. कुठलंही चाललं असतं. पण टिंडलचा हात अडला. हा शब्द फक्त मार्डनच्या खोऱ्यातला. तो दुसऱ्या गावाच्या माथी मारायचा म्हणजे खोटेपणा झाला असता. कोशाला फसवायला निघालेला माणूस गावाच्या बाबतीत मात्र काटेकोर राहिला. त्यानं लिहिलं, लिटल मार्डन.

पत्र छापून आलं. पुढच्या अंकात त्याच्यावर तेवीस पत्रं! टिंडल वाचून थक्क झाला. कोणी कर्नलसाहेब लिहीत होते की त्यांच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द नेहमी असे. आजोबा स्कॉटलंडचे. एका बाईंच्या दाईनं तो त्यांना पाळण्यात शिकवला होता. एक शाळामास्तर म्हणत होते की अर्थ बरोबर, पण दिवस चार-पाच नव्हे, नेमके तीन. एकानं ठणकावलं होतं की रन म्हणजे ऊब नव्हेच, थंडी. आणि हे न कळण्याइतका देश रसातळाला गेला याला जबाबदार रेडिओ.

"गाढवं," टिंडल पुटपुटला. "एकजात गाढवं! उद्या लिहिलं की आमच्याकडे चमच्याला चंद्र म्हणत, तर यांच्या आज्या चंद्रानं सूप प्यायच्या."

पण छापील पुरावा झाला होता. त्यानं कात्रण चिठ्ठीवर डकवलं आणि बॅगशॉपुढं ठेवलं.

बॅगशॉनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "काय सुरेख अर्थ आहे हो, टिंडल! नऊ वर्षांत तुम्ही एवढं काढलंत, पण हा सगळ्यांत गोड. हा स्टब्ज कोण असेल? भेटावंसं वाटतं."

"असेल कोणी चिखल तुडवणारा," टिंडल म्हणाला. "त्याला काय भेटायचंय?"

"असं कसं? माणसाजवळ शब्द होता."

बॅगशॉनं कोपऱ्यात सही ठोकली. डॉक्टर हॅलमनी सही केली. एकशे पंचाण्णव! टिंडलनं त्या संध्याकाळी मिसेस क्लेगकडे जेवणाची दुसरी वाढणी मागितली. त्यांनी आश्चर्यानं विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?" आठ दिवस हा माणूस सुखात होता. चालताना शीळ घालायचा, आणि बॅगशॉचं सँडविच त्याला ऐकू येईनासं झालं.

नवव्या दिवशी टपालात नेदर कोम्बचा शिक्का असलेलं पाकीट आलं. नेहमीसारख्या ऐंशी चिठ्ठ्या, त्याच बारीक, सरळ अक्षरातल्या. शेवटची चिठ्ठी अशी:

'साप्ताहिकातलं मिस्टर स्टब्ज यांचं पत्र वाचलं. हा शब्द त्यांच्या पत्नीही बोलतात का आणि तो नेमका किती दिवसांचा, हे विचारायला रविवारी सायकलनं लिटल मार्डनला गेले. त्या नावाचं कोणी तिथं नाही. पोस्टात, गुत्त्यात, दफनभूमीत विचारलं. पूर्वीही कोणी नव्हतं. मात्र गुत्त्यातले दोन म्हातारे म्हणाले की शब्द खरा आहे. पाद्र्याच्या बंगल्यावरचा माळी जोसाया टिंडल तसं म्हणायचा. तो १९२७ साली वारला. आडनाव आपलंच आहे, म्हणून विचारते: आपले कोणी होते का? वि. ओट्स.'

टिंडलनं चिठ्ठी तीनदा वाचली. मग समोर पाहिलं. बॅगशॉ पेन्सिलीला टोक काढत होता.

चौदा मैल! एका शब्दासाठी ही बाई चौदा मैल सायकल हाणत गेली, दफनभूमीतले दगड वाचत फिरली. टिंडलला आधी राग आला. हिला दुसरा उद्योग नाही? मग त्यानं चिठ्ठी टेबलावर पालथी केली. चिठ्ठी फाडता येत नव्हती. ते त्याच्या हातून झालंच नसतं. ढिगात ठेवता येत नव्हती. त्यानं ती घडी करून जाकिटाच्या खिशात घातली आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कार्यालयातली चिठ्ठी घरी नेली. आपण चोर झालो हे त्याला कळत होतं. कळूनही त्याला राग आला तो स्वतःचा नव्हे, सायकलीचा.

त्या शनिवारी चिठ्ठ्या पाठवणाऱ्या वाचकांचा वार्षिक चहा होता. सोमवारी सकाळी कागद छापखान्यात जाणार होते. खालच्या दालनात लांब टेबलावर काकडीची सँडविचं, बेदाण्यांचा केक आणि भलीमोठी चहाची किटली मांडली होती. मेजर आले, पाद्री आले, आणि तपकिरी टोपी घातलेल्या, बुटांना सायकलच्या साखळीचं तेल लागलेल्या मिस ओट्स आल्या. टिंडलनं त्यांना बावीस वर्षांत कधी दोनपेक्षा जास्त वाक्यं बोलायची संधी दिली नव्हती. आज तो त्यांना चुकवत किटलीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून कोटांच्या खुंटीपर्यंत सरकत गेला. खुंटीपाशी त्यांनी त्याला गाठलं.

"मिस्टर टिंडल, माझी शेवटची चिठ्ठी मिळाली का?"

"चिठ्ठ्या फार येतात, मॅडम."

"ही मिळाली असणार. पाकिटात शेवटी, पण नजरेत भरेल अशी उलटी ठेवली होती."

टिंडल खुंटीवरचा आपला कोट शोधू लागला.

"मी वर बॅगशॉसाहेबांना सहज विचारलं, नवा अर्थ गेला का म्हणून. ते म्हणाले, गेला, स्टब्जच्या नावावर गेला." त्या आवाज न चढवता बोलत होत्या, दुकानात लोकरीचा रंग सांगावा तशा. "जन्माला न आलेल्या माणसाच्या नावावर."

"शब्द खरा आहे," टिंडल घाईनं म्हणाला. "अगदी खरा. मी स्वतः ऐकलाय."

"ते ठाऊक आहे मला. म्हणून तर विचारतेय. कोण होते ते तुमचे?"

टिंडलनं इकडं-तिकडं पाहिलं. मेजर कुत्र्याविषयी बोलत होते. "वडील," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

मिस ओट्सच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडल्यासारखं झालं. "मग झालं की! अहो, मग एवढं कशाला? वडिलांचा शब्द आहे, तुमचा हक्काचा आहे. स्टब्जला काढा आणि यांना घाला. अर्थ तोच राहतो, आकडाही तोच राहतो." त्यांनी पिशवीतून कोरी चिठ्ठी काढली, आपलं काळं पेन उघडलं आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. "चार ओळी तर लिहायच्यात. साक्षीदार म्हणून मी सही करते. डॉक्टर हॅलम पलीकडंच उभे आहेत. दोन मिनिटांचं काम."

खरोखर दोन मिनिटांचं काम होतं. टिंडललाही ते दिसलं. सोमवारी कागद जाताना त्यांत खोटं काही राहणार नव्हतं. बॅगशॉचे एकशे चौऱ्याण्णव, त्याचे एकशे पंचाण्णव, आणि तेही धुतल्या तांदळासारखे. या बाईनं त्याला पकडलं होतं आणि सोडवण्याची वाटही तिनंच आणून हातात दिली होती. त्यानं चिठ्ठी भिंतीला टेकवून लिहायला सुरुवात केली. शब्द. अर्थ. ऐकणाऱ्याचं नाव, ऑब्री टिंडल. वडिलांचं नाव, जोसाया टिंडल. हे नाव त्यानं एकोणतीस वर्षांत लिहिलं नव्हतं. गाव, लिटल मार्डन.

धंदा.

"काय लिहिणं चाललंय कोपऱ्यात?" केकची बशी घेऊन बॅगशॉ आला. "मिस ओट्स, केक घ्या. टिंडलनं तुम्हाला इथंही कामाला लावलं वाटतं?"

टिंडलनं चिठ्ठी मुठीत दाबली.

"लिटल मार्डनविषयी बोलत होतो आम्ही," मिस ओट्स म्हणाल्या.

"हां, म्हणजे टिंडलचं गाव! यांचं घर मोठं हो. पाद्र्याच्या बंगल्यात वाढलेत, सांगितलं का त्यांनी?" बॅगशॉ कौतुकानं म्हणाला. त्याच्या मनात खोट कधीच नसे. "मला अजून आठवतं, मी नवीन लागलो होतो तेव्हा, यांच्याकडचा एक माळी आला होता इथं. म्हातारा, एवढाले हात! कोवळ्या मटारच्या शेंगांची टोपली घेऊन गावाहून चालत आला. या दारातच उभा राहिला, बूट खराब आहेत म्हणून आत येईना. टिंडल म्हणाले, आमच्याकडचा माळी आहे. म्हाताऱ्यानं टोपी काढली, 'होय साहेब' म्हणाला, टोपली ठेवली आणि गेला. किती अदबीचा माणूस! त्या मटारच्या शेंगा आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या."

मिस ओट्सनी बॅगशॉकडे पाहिलं. मग टिंडलकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. त्या थांबल्या होत्या. एक शब्द पुरे होता. टिंडलला तो येत होता. त्याचे सगळे अर्थ आणि जोडीचे सगळे शब्द येत होते.

"कोण होता तो माळी, मिस्टर टिंडल?" त्यांनी विचारलं. "त्याचं नाव काय?"

टिंडलनं बॅगशॉच्या हातातल्या बशीकडे पाहिलं. त्याच्या मुठीत चिठ्ठीचा चोळामोळा झाला होता.

"आठवत नाही," तो म्हणाला. "नोकरमाणसं काय, बदलत असतात."

बॅगशॉ मान हलवून केक वाटत पुढं गेला. मिस ओट्सनी हात पुढं केला.

"माझं पेन द्या," त्या म्हणाल्या.

त्यानं दिलं. त्यांनी ते आपल्या रुमालाला पुसलं, टोपण लावलं आणि खुंटीवरचा कोट काढून त्या बाहेर पडल्या. सोमवारी कागद स्टब्जच्या नावासकट छापखान्यात गेले. त्यानंतर नेदर कोम्बहून कार्यालयात एकही चिठ्ठी आली नाही.